खाऱ्या पाण्याची टाकी आणि अण्णांचा शाळेतला फोटो



या पानावर एरवी मुलांचे शिक्षण, लग्नातला वायफळ खर्च, घरगुती औषधे असे विषय येतात. आम्ही नवराबायको माशांच्या टाकीचे फोटो कसे काढावेत याविषयी लिहिणार आहोत, तर कोणी हसू नये. आधी आम्हीही हसलो होतो.

आमचा धाकटा टाक्यांची देखभाल करण्याचे काम करतो. मोठमोठ्या घरांत, ऑफिसांत, दवाखान्यांत काचेच्या टाक्या असतात. त्यांचे पाणी बदलणे, काचा घासणे, पंप उघडून साफ करणे हे त्याचे काम. बारावीनंतर एका दुकानात लागला तेव्हा बादल्या उचलत होता. आज खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यापासून उभी करून देतो. त्याच्या एका गिऱ्हाइकाने घर बदलताना दोन फुटांची जुनी टाकी टाकून द्यायला काढली, ती तो रिक्षात घालून घरी घेऊन आला. आमच्या खोलीत कपाट आणि मोरी यांच्या मध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात ती बरोबर बसली. आता तिथे आमचा समुद्र आहे.

समुद्र म्हणजे खरोखरच समुद्र. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने खास मीठ घालायचे. हे आपले जेवणातले मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी बरेच काही असते. पाणी उन्हाळ्यात तापू द्यायचे नाही म्हणून टाकीवर छोटा पंखा लावलेला. आमच्या डोक्यावर पंखा नसला तरी चालेल, माशांच्या डोक्यावर हवा, असे आमच्यात म्हणतात. आत सिमेंटचे बनवलेले दगड आहेत. दगडांवर झोअँथिड नावाचे फुलांसारखे जीव. एकेक जेमतेम बोटाच्या नखाएवढा, हिरवा, मध्ये केशरी, आणि असे पन्नास-साठ एकमेकांना चिकटून बसलेले. ती फुले नाहीत, प्राणी आहेत. हात जवळ गेला की मिटतात. शिवाय दोन क्लाऊन मासे, ज्यांना २००३ च्या सिनेमापासून सगळी पोरे निमो म्हणतात, आणि एक लाल पट्ट्याची कोळंबी.

खरे, दगडासारखा सांगाडा बांधणारे प्रवाळ आमच्याकडे नाही आणि येणारही नाही. २००१ पासून तसली सगळी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. समुद्रातून ती काढणे गुन्हा आहे. पुष्कळ शौकिनांना हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असलेल्यांतले काही जण ठाऊक नसल्याचे दाखवतात. धाकटा अशांचे काम घेत नाही.

पौर्णिमेला विहारात एका ताईंनी आम्हांला विचारले, "पंचशील घेता आणि जीव काचेत कोंडता, हे कसं?" प्रश्न खरा आहे. आमचे क्लाऊन पैदास केंद्रात जन्मलेले आहेत, समुद्रातून पकडलेले नाहीत. या माशाची बंदिस्त जागेत पैदास करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही बसवलेले आहे. एवढे आम्ही ताईंना सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झालेले नाही. पण हा लेख त्याविषयी नाही.

फोटोंचे निमित्त असे झाले. आमच्या भागातल्या एका मुलांच्या डॉक्टरांना दवाखान्यात टाकी बसवायची होती. कोणीतरी धाकट्याचे नाव सुचवले. डॉक्टर म्हणाले, "तुझं स्वतःचं काम दाखव." आजवर त्याने केलेल्या टाक्यांचे सगळे फोटो दुकानाच्या मालकाच्या नावावर. स्वतःचे म्हणावे असे काम एकच, आमच्या खोलीतले. पोरगा पहिल्यांदा कोणाच्या हाताखाली नसलेले काम मिळवायला निघाला होता आणि दाखवायला काहीच नव्हते. मोबाईलवर काढलेल्या फोटोंत सगळी टाकी निळीजांभळी, जणू कोणी शाई सांडली आहे. या टाक्यांवरचे दिवे निळे असतात आणि त्या उजेडापुढे मोबाईल गोंधळतो.

एक जुना कॅमेरा घरात होता. थोरलीच्या लग्नाच्या वेळी फोर्टातून नऊ हजारांना घेतलेला, लेन्स बदलता येणारा, सोबत १८-५५ ची साधी लेन्स. लग्नानंतर कपाटावर पडून होता. तो काढला, पुसला आणि आम्ही दोघे रविवारी टाकीसमोर बसलो.

पहिल्या फोटोत मासे नव्हतेच. बाबासाहेब होते. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्यावर ट्यूबलाइट, ती अख्खी भिंत काचेत उतरली होती. म्हणून खोलीतले सगळे दिवे घालवले, खिडकीवर चादर टाकली, कॅमेऱ्यामागे काळी शाल धरली. फ्लॅश मारून पाहिला तर काचेवर नुसता पांढरा गोळा. फ्लॅश कायमचा बंद केला. काच आतून बाहेरून पुसली. आतला शेवाळाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. निळ्या रंगावर उपाय धाकट्याने काढला. एप्रिलमध्ये जयंतीच्या रोषणाईला हॅलोजनवर लावलेला पिवळा जिलेटिन कागद उरला होता, त्याचा तुकडा लेन्ससमोर धरला आणि हिरवे हिरवे दिसू लागले, केशरी केशरी.

एवढे सगळे झाल्यावरही फोटो वाईटच. झोअँथिडच्या पन्नास तोंडांपैकी एक ओळ लख्ख, बाकी पुढचीही धूसर, मागचीही धूसर. धाकटा म्हणाला, "कॅमेरा खराब आहे." आम्हांला वाटले लेन्सला बुरशी लागली असेल. आमच्यापैकी एकाने दुसऱ्याचा हात थरथरतो असेही म्हणून झाले. कोण ते लिहीत नाही.

मग ठरवले, कोणाचे ऐकायचे नाही, करून पाहायचे. भगवंतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि पाहा असे सांगणारा. लेन्सला तो नियम का नसावा? नातीची लाकडी फूटपट्टी स्टुलावर आडवी न ठेवता कॅमेऱ्यापासून लांब जाईल अशी उभी लांबीत ठेवली आणि मधल्या आकड्यावर नेम धरून फोटो काढले. कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर ठेवला, म्हणजे हाताचा वाद नको. लेन्स ५५ वर. फोटो मोठा करून किती आकडे वाचता येतात ते वहीत लिहिले.

कॅमेरा एक मीटर लांब असताना एफ ५.६ वर सुमारे सहा सेंटीमीटर पट्टी वाचता आली. कॅमेरा तीस सेंटीमीटरवर आणला तर जेमतेम तीन मिलिमीटर. तीन! सेंटीमीटर नव्हे. तिथेच एफ १६ केले तर पाऊण सेंटीमीटरच्या आसपास.

वही पाहिल्यावर आम्हांला कळले की कॅमेरा खराब नव्हता. फोटोत लख्ख दिसणारी जागा म्हणजे एक पातळ पापुद्रा असतो. तो कॅमेऱ्यासमोर पापडासारखा उभा असतो. पापडात जे सापडेल ते स्पष्ट, त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे धूसर. या पापडाच्या जाडीलाच फोटोवाले डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. जवळ गेलात की पापड पातळ, मागे सरलात की जाड. लेन्सचे भोक मोठे केले की पातळ, बारीक केले की जाड.

एफच्या आकड्याने सुरुवातीला आम्हांला फार छळले, कारण आकडा मोठा तर भोक लहान. हा उलटा कारभार कशासाठी? तर एफ ११ म्हणजे लेन्सच्या लांबीला ११ ने भागायचे. ५५ मिलिमीटरच्या लेन्सला ५ मिलिमीटरचे भोक. एफ ५.६ ला तेच जवळजवळ १० मिलिमीटर. भागाकार आहे, म्हणून उलटा. पाचवीतल्या मुलालाही कळेल.

भोक बारीक केल्यावर स्पष्ट का दिसते, हे घरातच दिसते. चष्मा हरवला की आई सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करायची. आठवते ना? चष्मा लावणाऱ्यांनी एक करून पाहावे. चष्मा काढा, जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, डोळ्याला लावून भिंतीवरचे कॅलेंडर वाचा. धूसर तारखा वाचता येतील. भोक मोठे असते तेव्हा एकाच ठिपक्याकडून येणारे किरण रुंद सुळक्याने आत येतात आणि नेमके एकत्र आले नाहीत तर त्या ठिपक्याचा गोल डाग होतो. भोक बारीक केले की सुळका अरुंद, डाग लहान, आणि लहान डाग डोळ्याला ठिपकाच वाटतो. पण याची किंमत मोजावी लागते. भोकाची रुंदी निम्मी केली की उजेड पाव होतो. एफ ५.६ वरून एफ ११ वर गेलात तर चौपट वेळ झडप उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यात मासा हलतो. एफ २२ पर्यंत गेलो तेव्हा सगळेच थोडे मऊ पडले, कारण फार बारीक भोकातून उजेड पसरतो. फुकट काही मिळत नाही.

टाकीला हा हिशेब असा लागू केला. झोअँथिडचा घोस पुढून मागे चारेक सेंटीमीटर उतरता. काचेला नाक लावून फोटो काढणे सोडले, कॅमेरा साठ सेंटीमीटर मागे घेतला, एफ ११ ठेवले. तिथे पापड साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. पाण्यात थोडी सूटही मिळते, कारण पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, एक फूट खोल असलेली पाऊण फुटावर. घोस सगळा बसला. फोटोत तो लहान दिसतो, तर कडा नंतर कापून टाकायच्या. कॅमेरा तिरका मात्र धरायचा नाही. काचेतून आणि पाण्यातून तिरके पाहिले की कडांना रंग फुटतात आणि चित्र ओढल्यासारखे होते. कॅमेरा काचेसमोर सरळ. फिरवायचेच असेल तर दगड फिरवावा. धाकट्याने बाहीपर्यंत हात घालून एक दगड जरा पुढे झुकवून बसवला, तोंडे आमच्याकडे झाली आणि उतार कमी झाला. लाटा करणारा पंप पाच मिनिटांपुरता बंद केला म्हणजे तोंडे डुलत नाहीत. पाच मिनिटेच. पुन्हा चालू करायला विसरलात तर आतल्या जिवांचा श्वास कोंडतो. माशांसाठी वेगळा हिशेब. तिथे झडप वेगवान हवी, आयएसओ १६०० वर नेला, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. माशाचा डोळा लख्ख आला की शेपूट धूसर असली तरी कोणी विचारत नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

अण्णांचा, म्हणजे घरातल्या थोरल्यांचा, शाळेतला एक फोटो आहे. १९५७ साल, सातवी, तेव्हा सातवीला फायनल म्हणत. आदल्या वर्षी धम्मदीक्षा झालेली. गावच्या शाळेतला त्यांचा हा एकच फोटो आणि बालपणाचाही एकच. पुढे जमिनीवर मुले, मग खुर्च्यांवर हेडमास्तर आणि मास्तर, मागे एक ओळ उभी, त्यामागे बाकांवर उभी शेवटची ओळ. शेवटच्या ओळीत डाव्या टोकाला अण्णा. तिथे चेहरा नाहीच. भिजलेल्या कागदावर शाई फुटावी तसा डाग. हेडमास्तरांच्या कोटाची बटणे मोजता येतात आणि अण्णांना डोळे आहेत की नाहीत ते कळत नाही.

अण्णा आम्हांला लहानपणापासून सांगत आले की तालुक्याहून आलेल्या फोटोवाल्याने आपल्या पोरांना मुद्दाम पुसले. "काचंवर बोट फिरवलं त्यानं," असे म्हणायचे. आम्ही कधी शंका घेतली नाही. ज्या गावात पाणी वरून ओतत होते, तिथे फोटो पुसला असेल यात नवल काय?

टाकीच्या फोटोंनंतर एका रात्री तो फोटो आम्ही भिंगाखाली धरला. बोट फिरवलेले असते तर खूण दिसली असती. मुले हलली असती तर डाग एका बाजूला ओढला गेला असता. हा डाग गोल होता, आमच्या मागच्या झोअँथिडसारखा. आणि तो एकट्या अण्णांचा नव्हता. शेवटची ओळ पूर्ण धूसर. त्या ओळीच्या मध्यभागी गावच्या पाटलाचा उंच मुलगा उभा आहे, तोही धूसर. टोकाला अण्णा जास्त धूसर, कारण लेन्स कडेला कच्ची पडते, भोक मोठे असताना तर फारच. फोटोत सावल्या नाहीत, म्हणजे ऊन नव्हते. उजेड कमी म्हणून त्याने भोक मोठे ठेवले, नेम हेडमास्तरांवर धरला, पापड खुर्च्यांपासून मधल्या ओळीपर्यंत पुरला आणि शेवटची ओळ बाहेर राहिली. तो फोटोवाला निर्दोष होता. फार तर कच्चा होता.

आम्हांला हलके वाटायला हवे होते. पण भिंग हातात होते, म्हणून पाहत राहिलो. बाकांवर उभी केलेली मुले उंच असतात, बुटकी पुढे जमिनीवर बसवतात, हा सगळीकडचा रिवाज. शेवटच्या ओळीत उंच मुले होतीच. आणि डाव्या टोकाला चार जण त्यांच्या खांद्याएवढे. बाकावर उभे राहूनही खांद्याएवढे. अण्णा त्या चौघांत सर्वांत लहान. आमच्या वस्तीची शाळेत तेवढीच चार मुले होती.

ओळी लावण्याचे काम फोटोवाल्याचे नसते.

हे अण्णांना सांगावे की नाही यावर आमच्यात दोन दिवस बोलणे चालले. ८१ वर्षांचा माणूस, ज्याच्यावर जन्मभर राग धरला त्याचा दोष नव्हता हे कशाला सांगायचे? दुसरे मत असे की त्यांनीच आम्हांला खोटे बोलू नये म्हणून शिकवले. शेवटी फूटपट्टी, वही, भिंग आणि फोटो घेऊन त्यांच्यासमोर बसलो. एखाद्या तपासनिसासारखे त्यांनी सगळे पाहिले. फूटपट्टीचे फोटो दोनदा पाहिले. पाटलाच्या पोरावर भिंग धरून बराच वेळ थांबले.

"म्हंजी फोटोवाल्याची काय चूक न्हवती म्हन," असे म्हणाले.

आम्ही मान हलवली.

"मास्तरांनी मला तर पाटी-पेन्शिल दिलती," ते म्हणाले. मग भिंग आमच्या हातात दिले आणि चहा मागितला. पुढचे तीन-चार दिवस ते नेहमीपेक्षा कमी बोलले. आम्हांला चुकल्यासारखे वाटत राहिले.

धाकट्याने दहा फोटो निवडून छापून घेतले, सहा बाय आठचे, आणि अल्बम घेऊन डॉक्टरांकडे गेला. त्यांनी अल्बम ठेवून घेतला आहे. निरोप यायचा आहे. दुकानाच्या मालकाला अजून काही कळलेले नाही, आणि हा लेख त्याच्या वाचनात येईल असे वाटत नाही.

ज्यांच्याकडे मोबाईलच आहे त्यांनी खट्टू होऊ नये. मोबाईलचा कॅमेरा इतका लहान असतो की त्याचा पापड आपोआप जाड असतो, मागची ओळ बहुधा लख्ख येते. त्यातला पोर्ट्रेट मोड मागचे मुद्दाम धूसर करतो, तो घरच्या समूह फोटोला लावू नये. पुष्कळ जण लावतात आणि मागे उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा जातो.

गेल्या रविवारी थोरली, जावई, नात सगळे आले होते. अण्णा स्वतःहून म्हणाले, "टाकीम्होरं सगळ्यांचा एक काढा. मागचं बी दिसलं पायजे." दोन ओळी केल्या. अण्णा पुढे स्टुलावर बसायला तयार होईनात, मागे उभे राहिले. एफ ११, कॅमेरा अडीच मीटरवर मोरीच्या उंबऱ्याशी, तांदळाची पिशवी, दहा सेकंदांचा टायमर. नेम पुढच्या ओळीपेक्षा जरा मागे धरला. फोटो पाहिला तर पहिल्या ओळीतल्या नातीच्या फ्रॉकवरची नक्षी आणि मागे अण्णांच्या भुवयांचे पांढरे केस, दोन्ही मोजून घ्यावेत असे.

फक्त अण्णांनी डोळे मिटले होते. पुन्हा काढला.